फळीवरची सातवी ओळ

“वैजू, वास मेलो,” बाबलकाका वायरलेसवर म्हणाले.

मी घड्याळ बघितलं आणि समोरच्या वहीत लिहिलं, ११.४०, वास मेला.

“नक्की मां, काकानू?”

“माझ्या नाकार इश्वास नाय तुझो?” ते हसले. मागून जुझेचा आवाज आला. काय म्हणाला ते वाऱ्यात नीट कळलं नाही. “जुझे म्हणता, तेका अजून येता. तेका रोजच येता. आंगाक पाणी लावी नाय तो, दुसरा काय?”

मीसुद्धा हसले. हे मुद्दाम लिहून ठेवते. मी हसले.

“दोन तास झाकणाकडे बसान आसंय,” काका म्हणाले. “सकाळी नाक फुटाची पाळी इल्ली. आता काय्येक नाय. एकदम साफ. मगे उतरू?”

“फळयेर काय लिवला हा?”

“फळी पाठ आसा माका.”

“मगे उतरा,” मी म्हणाले.

तेव्हा मी कंपनीच्या नोकरीत होते. सडेबंदरच्या जेटीच्या टोकाला पत्र्याची शेड होती, तिच्यात टेबल, स्क्रीन, वायरलेस आणि मी. दोन मैल आत समुद्रात कंपनीचं तरंगतं वीजघर होतं. वर सोलरच्या काचा, खाली पाण्यात दोरांवर वाढवलेलं शेवाळ, आणि मधोमध तराफ्यात बसवलेली लोखंडी टाकी, दोन पुरुष खोल. टाकीत शेवाळ कुजवायचं, त्याचा गॅस करायचा. दिवसा काचांनी वीज द्यायची, रात्री आणि मळभात गॅसवर जनरेटर चालवायचा. बंदरातला बर्फाचा कारखाना त्याच विजेवर होता. टाकीला कंपनीच्या कागदात हातभर लांब इंग्रजी नाव होतं. आम्ही तिला पोट म्हणायचो. खायची, फुगायची, वारा सोडायची, म्हणून पोट. पेपरात काचांचे फोटो आले, निळ्या पाण्यावर निळ्या काचा. पोटाचा फोटो काढायला कोणी नाक धरून इतक्या जवळ गेलं नाही.

कारण शेवाळ कुजतं ते शेणासारखं कुजत नाही. सडक्या अंड्यांची बोट भरून उन्हात ठेवली तर जो वास येईल, तो.

पोटावर दोन माणसं असायची. बाबल कुबल आणि जुझे. बाबलकाका पंचावन्नच्या पुढचे, जन्मभर रापणीचं जाळं ओढलेले, चौथी शिकलेले. जुझे त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान, बैलासारखा दणकट, आणि अक्षरशत्रू. सही करायची वेळ आली की अंगठा पुढे करायचा आणि वर म्हणायचा, “ह्या माझा फुल. घेवा.”

बाबलकाकांचं नाक अख्ख्या बंदराला माहीत होतं. आमच्याकडे बांगडा मिठात घालून पिंपात भरतात. पहिले दिवस कच्चा वास मारतो. मग एका दिवशी तो वास आपोआप बसतो. आम्ही म्हणतो, वास मेला. वास मेला म्हणजे मीठ जिंकलं, खारा तयार झाला, आता घरात घ्यायला हरकत नाही. तो दिवस नेमका ओळखणं सोपं नाही. एक दिवस आधी उघडला तर पिंप फुकट. बायका बाबलकाकांना बोलावून न्यायच्या. ते पिंपावर वाकायचे, डोळे मिटायचे, आणि म्हणायचे, “परवा ये.” किंवा म्हणायचे, “मेलो. काढ.” त्यांचं कधी चुकल्याचं मला आठवत नाही. शेवंतीकाकी, त्यांची बायको, गर्वाने सांगायची, “माझ्या घोवाक देवान शिक्षण दिला नाय, पण नाक दिला.”

त्या वर्षी दिवाळी होऊन चार दिवस झाले आणि वादळ आलं. आमच्यावर आलं नाही, बाहेरून गेलं. पण जाताना तीन दिवस सूर्य घेऊन गेलं. काचा नुसत्या पडून. सगळा भार पोटावर. कंपनीचे आमचे वरचे साहेब, टेंबे सर, पुण्याहून फोनवर म्हणाले, पोट भरा, किनाऱ्याला लागलेलं शेवाळपण घाला. वादळाने किनाऱ्यावर गुडघाभर शेवाळ आणून टाकलं होतं, अर्धं आधीच कुजलेलं. लाटा जरा बसल्यावर होड्या भरभरून ते नेलं आणि पोटात कोंबलं. त्यात कुठल्यातरी जाळ्याचा तुकडा गेला. चौथ्या दिवशी सकाळी ढवळणीचं पातं अडकलं आणि गॅस थांबला.

पातं सोडवायचं तर माणूस आत उतरला पाहिजे. त्याआधी पोट पंपाने उपसायचं, झाकण उघडायचं, पंख्याने आत हवा मारायची, गॅसचा मीटर दोरीने खाली सोडून आकडा बघायचा. पंखा चालायचा बॅटरीवर. बॅटरी भरायची उन्हावर. उपसणीतच बॅटरी संपत आली, पंखा वीस मिनिटं फिरला आणि बंद पडला. आणि मीटर दीड महिन्यापूर्वी दुरुस्तीला पुण्याला गेला होता.

मी सकाळी टेंबे सरांना फोन केला. ते गाडीत होते, आमच्याकडेच यायला निघाले होते.

“सर, पंखा बंद पडला. मीटरपण नाही. ऊन पडेपर्यंत थांबूया का?”

“उद्या अकरा वाजता पाहुणे येताहेत, वैजयंती. बाहेरच्या देशातले. सूर्य नसला तरी आमची वीज थांबत नाही, हे दाखवायला तर त्यांना बोलावलंय. आणि नेमका सूर्य नसताना जनरेटर बंद? काय सांगू मी त्यांना?”

“पण मीटर...”

“अगं, बाबल आहे ना तिथे? तोच आपला मीटर. झाकण उघडून ठेवा दोन तास. गॅस काय, उडून जातो. फळीवर सगळं लिहिलंय, तसं करा. मी तीनपर्यंत पोचतो.”

फळीवर सगळं लिहिलंय. ही फळी झाकणाच्या शेजारी दोन खांबांना ठोकलेली होती. फणसाची, पाच फूट लांब, दीड फूट रुंद, बोटी बांधणाऱ्या सुताराने तासून दिलेली. पांढऱ्या रंगावर काळ्या अक्षरात पोटात उतरण्याचे दहा नियम. अक्षर माझं.

काका उतरले. वायरलेस झाकणाजवळ जुझेच्या हातात होता.

“उतारलो,” जुझे म्हणाला. “कमराक दोर आसा. मी धरलंय.”

“काय म्हणतत?”

“गाळात पाय गेलो म्हणता. शिव्या घालता. पातां दिसला तेका.” मग थोडा वेळ वारा. “सुरयेन जाळां कापता.” परत वारा. “वैजू बाय.”

“काय?”

“तो बसलो गो.”

“म्हणजे?”

“खाली बसलो. जेवक बसता तसो, मांडी घालून बसलो.”

“हाक मार तेंका!”

“मारतंय. बाबल! रे बाबल! ऐकना नाय. मान खाली घातल्यान.”

“दोर ओढ! जुझे, दोर ओढ, उतरू नको, दोर ओढ!”

“ओढतंय...”

मग तो खोकला. वायरलेस कशावर तरी आपटला. तो चालूच राहिला. मला लाटा ऐकू येत होत्या, तराफ्याच्या पिंपांवर आपटणाऱ्या, आणि काचांवर बसलेल्या पाखरांचा कलकलाट. बाकी काही नाही. मी ओरडत राहिले. मग शेडच्या बाहेर धावले आणि जेटीवर जे दिसले त्यांना होडी काढायला लावली.

होडी पोचायला पंचवीस मिनिटं लागली. काका झाकणाच्या तोंडाशी लोंबकळत होते, अर्धे आत, अर्धे बाहेर. जुझे पालथा पडला होता, पण त्या बैलाने दोर सोडला नव्हता. मनगटाला तीन वेढे घेऊन टोक काचांच्या खांबाला अडकवलं होतं. जुझेचा श्वास चालू होता. काकांचा नव्हता.

तराफ्यावरून होडीत माणूस उतरवायला काहीतरी सपाट हवं होतं. होडीवाल्यांनी झाकणाशेजारची फळी उपटली, काकांना तिच्यावर निजवलं, बांधलं, आणि तशीच घसरवून खाली घेतली. जेटीवर ते आले ते माझ्या अक्षरांवर पाठ टेकून आले.

शेवंतीकाकी मासळीच्या लिलावावरून धावत आली, हाताला माशांची खवलं तशीच. ती रडली नाही. आधी खाली बसली, नवऱ्याच्या तोंडाला नाक लावलं, आणि वर बघून सगळ्यांना म्हणाली, “वास घेवा. एकेकान येवन वास घेवा. दारू नाय. मगेशी कोणी बोलाचा नाय.”

माणसं पुढे आली. खरोखर वाकून वास घेतला दोघातिघांनी. त्यांच्या अंगाला फक्त पोटाचा वास होता, तो काळा गाळ केसांपर्यंत गेलेला.

काकांना फळीसकटच घरी नेलं.

टेंबे सर साडेतीनला शेडमध्ये आले. दार लावून घेतलं. टेबलाच्या खालच्या खणातून त्यांनी नियमांचं इंग्रजी कार्ड काढलं, प्लास्टिकमध्ये घातलेलं, आणि बोट सातव्या ओळीवर ठेवलं.

“फळीवर ह्याचं काय लिहिलंयस?”

मी सांगितलं.

त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. “तू मला दाखवली होतीस ना फळी?”

“दाखवली होती सर. खाली तुमची सही आहे.”

आता हे नीट सांगते. त्याच्या सहा महिने आधी त्यांनी ते कार्ड मला दिलं होतं. म्हणाले, “तुझं अक्षर छान आहे. आपल्या लोकांना कळेल अशा भाषेत मराठीत कर.” मी दहावी नापास. इंग्रजीतच गेले होते. पण कोणीतरी मला लिहायला सांगितलं होतं. शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा. मी डिक्शनरी आणली आणि दोन रात्री बसले. सहा ओळी झाल्या. सातव्या ओळीत लॉस ऑफ स्मेल असं होतं, आणि त्यापुढे आत उतरू नका. वास गेला की उतरू नका? मी तीनदा बघितलं. वास गेला म्हणजे वास मेला. वास मेला म्हणजे तयार, साफ, घरात घ्यायला हरकत नाही. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. साहेबलोकांनी छापताना एक ‘नका’ जास्त टाकला होता.

मी सरांना फोन करून विचारलंही होतं, “सर, सातवी ओळ चुकलीय का?” ते मीटिंगमध्ये होते. “तू बघ गं, तुमच्या लोकांना कळेल असं कर.”

मी तो ‘नका’ काढला. साहेबांची चूक दुरुस्त केली, म्हणून आठवडाभर छाती काढून फिरत होते. सर आले, फळीकडे एकदा वरपासून खालपर्यंत नजर टाकली, म्हणाले, “वा, अक्षर सुरेख,” आणि खाली इंग्रजीत सही ठोकली.

त्या दिवशी शेडमध्ये त्यांनी मला समजावून सांगितलं. हा गॅस थोडा असतो तेव्हा घाणेरडा वास मारतो. फार असतो तेव्हा तो माणसाचं नाकच मारतो. मग वास येत नाही. मग माणूस म्हणतो, सगळं साफ आहे. आणि जड असतो, झाकण उघडून उडून जात नाही, तळाला बसतो. गाळात पाय घातला की आणखी वर येतो.

“हे तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“कार्डावर आहे ना.”

“मग सकाळी फोनवर उडून जातो कसं म्हणालात?”

त्यांनी कार्ड परत खणात ठेवलं. मग म्हणाले, “वैजयंती, फळी तुझी आहे. ‘उतरा’ तूच म्हणालीस, वहीत वेळ तुझ्या अक्षरात आहे. सही माझी आहे. मीटरचं माझ्यावर येईल. आपण दोघंही यात आहोत. फळी आहे कुठे?”

“काकांच्या खाली.”

बाविसाव्या दिवशी कंपनीचा चौकशी साहेब आला, चेन्नईहून. त्याला मराठी येत नव्हतं. हिंदीही नव्हतं. टेंबे सर इंग्रजीत सांगायचे, तो लिहून घ्यायचा. जुझे नुकताच इस्पितळातून आला होता. गालफडं बसलेली, आवाज घोगरा. त्याचं नाक कायमचं गेलं होतं. “वैजू बाय, रॉकेल आणि रसो माका एकच,” तो मला म्हणाला. तरी तो आला होता, कारण गावात कुजबुज सुरू झाली होती. दारू नाही म्हणून कुणाला बोलता येत नव्हतं, म्हणून म्हणायला लागले होते की म्हाताऱ्याला नाकाचा माज होता.

काकीच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, आम्ही पाच जण. काकी, जुझे, साहेब, टेंबे सर, मी. काकीला मूलबाळ नव्हतं.

“तेका माज नव्हतो,” जुझे म्हणाला. “फळयेर लिवलेला ताच केला आमी. रोज सकाळी बाबल माका फळी वाचून दाखयी. माका वाचूक येना नाय म्हणान दाखयी. फळी खंय आसा? फळी हाडा. थंय लिवला हा.”

काकी आत गेली. फळी तिने मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. मेलेल्या माणसाच्या अंगाखालची, म्हणून कोणी तिला हात लावला नव्हता. ती तिने विहिरीवर नेली, काथ्याने घासली, गाळ काढला, आणि ओली फळी आणून आमच्यासमोर भिंतीला टेकवून उभी केली. अक्षरं जशीच्या तशी. मी चांगला रंग वापरला होता.

“वाच गो वैजू,” काकी म्हणाली. “ह्या साहेबाक आयकांदे. तुझाच अक्षर मां?”

टेंबे सर पुढे वाकले. मी त्यांचे डोळे ओळीओळीने खाली येताना बघितले. सातवीवर थांबले. मग सहीवर गेले. मग माझ्यावर.

त्या खळ्यात मराठी वाचता येणारी माणसं दोनच होती.

मी वाचायला लागले. एक, झाकण उघडण्याआधी गॅसची वाट बंद करा. दोन, विडी-काडी जवळ नको. तीन, एकट्याने काम करू नका. चार. पाच. सहा.

“सात,” मी म्हणाले. “वास मेला की उतरू नका.”

आठ, नऊ, दहा वाचून टाकलं.

जुझे माझ्याकडे बघत राहिला. “परत वाच ता, वैजू बाय. सातवा.”

“वास मेला की उतरू नका.”

“नाय. नाय. ‘उतरा’ म्हणी तो. ‘वास मेला की उतरा’. रोज. माझ्या कानान आयकलंय.”

टेंबे सर तेव्हा मराठीत बोलले, अगदी हळू, अगदी प्रेमाने. “जुझे, बाबलला वाचता येत होतं ना नीट? चौथीच शिकलेला ना तो?”

जुझेने फळीकडे बघितलं. त्याच्या दृष्टीने तिथे नुसत्या काळ्या मुंग्या होत्या. मग त्याने काकीकडे बघितलं, आणि मान खाली घातली. त्या माणसाने दोर सोडला नव्हता, गॅस छातीत घेऊनही सोडला नव्हता. तो त्याने तिथे, माझ्या एका शब्दावर, सोडला.

“म्हणजे लिवलेला होता,” काकी म्हणाली. “नको म्हणान लिवलेला होता. आणि हो उतारलो.”

साहेब पेन धरून वाट बघत होता. टेंबे सरांनी त्याला दहा ओळी इंग्रजीत सांगितल्या, शेवटी एक वाक्य जोडलं, त्याने ते लिहिलं.

निघताना टेंबे सर म्हणाले, “ही फळी कंपनीची आहे, रेकॉर्डला लागेल.” काकीने ती उचलून छातीशी धरली. “तेच्या पाठीखालची आसा. ही माझ्याकडे रवतली. तुमका जा लिवचा ता लिवन घेतलास मां? जावा.”

अहवाल आला. कामगाराने सूचनाफलकाकडे दुर्लक्ष केले. पाहुणे पुढच्या महिन्यात ऊन असताना आले. टेंबे सरांची बदली वरच्या जागेवर झाली. जुझे गोव्याला भावाकडे गेला, पाच वर्षांनी तिकडेच वारला. मी आठ महिने त्याच शेडमध्ये बसले, मग सोडली नोकरी. काकीच्या दारात पुन्हा कोणी पिंपाचा वास बघायला बोलवायला आलं नाही. काका गेले तरी ती पिंपं बघून द्यायला तयार होती, इतक्या वर्षांत तिलाही जमायला लागलं होतं. पण आता बायका हसून म्हणायच्या, “नको गे बाय, बाबलाचा नाक नको.” शाळेतली पोरं वाचताना अडखळली की मास्तरसुद्धा म्हणायचा, काय रे, बाबल झालास काय? मी हे सगळं ऐकत होते. अकरा वर्षं ऐकलं.

गेल्या महिन्यात माझ्या घरी कंपनीचा माणूस आला. नवा, सभ्य, पाणी प्याल्यावर पेला स्वतः उचलून ठेवणारा. म्हणाला, किनाऱ्यावर आणखी बारा वीजघरं होणार आहेत. काचा आणि पोट, तसंच. “मॅडम, तुम्ही आता पेपरात लिहिता ना? कामगारांसाठी मराठीत फलक लिहून द्याल? तुमचा जुना फलक आमच्या रेकॉर्डला आहे. वरचे म्हणतात, इतका स्पष्ट फलक दुसरा नाही.”

“काय आहे त्याच्यात?” मी विचारलं.

त्याने मोबाइल काढून वाचून दाखवलं. टेंबे सरांनी इंग्रजीत सांगितलेलं, परत मराठीत केलेलं. सातवी ओळ अगदी बरोबर होती.

मी त्याला घालवला आणि तशीच काकीकडे गेले. ती खळ्यात बसून बांगडे चिरत होती, मीठ परातीत. आता पासष्टीला आलेली, पाठीत वाकलेली.

“बस,” ती म्हणाली. “चाय घेतलंस?”

मी बसले नाही. उभ्याउभ्या सांगितलं. कार्ड, डिक्शनरी, ‘नका’, फोन, सही, अकरा चाळीस, ‘मगे उतरा’. आणि मग या खळ्यात मी काय वाचलं ते.

तिचा हात थांबला नाही. शेवटचा बांगडा चिरून तिने मिठात ठेवला, सुरी धुतली, हात धुतले, पदराला पुसले. मग आत गेली. माळ्यावर काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मी पुढे झाले तर म्हणाली, “रव. मी हाडतंय.”

फळी काकांच्या जुन्या लुंगीत गुंडाळलेली होती. तिने ती सोडवली, पुसली, भिंतीला टेकवली. त्याच जागी.

“वाच.”

“काकी...”

“सातवा वाच.”

“वास मेला की उतरा.”

“परत.”

“वास मेला की उतरा.”

तिने ओळ शोधायला बोट लावलं. मी तिचं बोट धरून सातवीवर नेलं. तिने ‘उतरा’वरून बोट फिरवलं, मग त्याच्या पुढच्या मोकळ्या पांढऱ्या जागेवर फिरवलं. तिथे ते थोडा वेळ राहिलं.

“म्हणजे तेका वाचूक येय होता,” ती म्हणाली.

“होय.”

“जुझे खरा बोला होतो.”

“होय.”

तिने मला शिवी दिली नाही. मारलं नाही. मी त्याचीच वाट बघत होते, मारलं असतं तर मी घरी गेले असते. तिने पायात चपला घातल्या.

“उचल ती.”

“खंय न्हेतंस?”

“जेटयेर. सांजचो लिलाव लागलो आसतलो. सगळी इली आसतली.”

मी फळी खांद्यावर घेतली. फणस जड असतो, आणि पाच फुटांची फळी एकट्या बाईने न्यायची नसते. ती पुढे चालत होती, मागे वळून न बघता. वाटेत दोघीतिघींनी विचारलं, खंय गे? तिने कुणाला उत्तर दिलं नाही.

लिलाव जोरात होता. सुरमईच्या राशीभोवती माणसं वाकलेली, भाव ओरडले जात होते. काकी मधोमध गेली आणि नुसती उभी राहिली. हळूहळू आवाज बसत गेला. लांब आत, पाण्यावर, काचा उन्हात चकाकत होत्या.

मी फळी टोपल्यांना टेकवून उभी केली आणि वाचली. एकपासून सहापर्यंत. सातवी वाचली. आठवीकडे वळले तर काकीने हात वर केला.

“पुरे,” ती म्हणाली. “आता सांग, कोणी लिवला ता?”

“मी.”

“मोठ्यान,” काकी म्हणाली.